अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये स्पार्क प्लग नेमका किती आवळावा? ओम्नीच्या मधल्या प्लगचे आटे गेले आहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी.

आमचा चादरी आणि टॉवेलचा छोटा व्यवसाय आहे. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतून नवी पेठेतील दुकानांपर्यंत माल पोहोचवण्यासाठी आम्ही जुनी पेट्रोलवरची मारुती ओम्नी वापरतो. इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे आहे आणि त्याचे हेड (सिलिंडरवरचे झाकण, ज्यात प्लग बसतात) अ‍ॅल्युमिनियमचे आहे. प्लग १४ मिलिमीटर आट्यांचे, वॉशरवाले आहेत.

मागील सर्व्हिसिंगच्या वेळी एका गॅरेजमध्ये तिन्ही प्लग काढून, घासून, गॅप तपासून तेच पुन्हा बसवण्यात आले. गाडी नुकतीच माल टाकून आली होती, इंजिन तापलेले होते आणि कारागिराने लांब दांड्याचा पाना लावून ‘अजून थोडा बसतोय’ असे म्हणत प्रत्येक प्लग चांगलाच आवळला. त्यानंतर काही दिवसांतच सकाळी थंड इंजिन सुरू केले की मधल्या सिलिंडरकडून फुस्स-फुस्स असा आवाज येऊ लागला. प्लगच्या बुडाशी साबणाचे पाणी सोडून पाहिले तर बुडबुडे येतात. इंजिन पूर्ण थंड असताना पाना लावला, तर प्लग किंचित घट्ट होतो आणि लगेच सैल पडून नुसता फिरत राहतो. तो बाहेर काढला तेव्हा त्याच्या आट्यांच्या खाचांत अ‍ॅल्युमिनियमची बारीक, चकचकीत तार गुंडाळलेली सापडली. ती हेडमधल्या आट्यांचीच असणार, हे उघड आहे.

ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळे चालत्या गाडीत प्लग उडाला तर काय होईल, या काळजीने गाडी तेव्हापासून उभीच ठेवली आहे.

जाणकारांना माझे विचारणे असे आहे. या आट्यांची दुरुस्ती हेड गाडीवर असतानाच करून घ्यावी, की हेड उतरवणेच योग्य? हेलिकॉइल (आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) बसवावे की लेथवर घडवलेला बुश (आतून आटे पाडलेली धातूची नळी)? मला सर्वांत जास्त समजून घ्यायचे आहे ते हे, की उरलेले दोन प्लग पुढे नेमके किती आवळावेत. कोणी अर्धा फेरा सांगतात, कोणी हाताच्या अंदाजावर सोडतात, कोणी आट्यांना ग्रीस लावल्याशिवाय प्लग बसवूच नये म्हणतात. टॉर्क पाना (आवळण्याचा पीळ, म्हणजे टॉर्क, मोजणारा पाना) आमच्याकडे नाही, आणि ज्या गॅरेजांत विचारले तिथेही तो मिळाला नाही. माल पोहोचवण्यासाठी रोज भाड्याचा टेम्पो करावा लागत आहे, म्हणून कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

आपण गाडी उभी ठेवलीत हे अत्यंत योग्य केलेत. मी बरीच वर्षे लेथवर काम केले आहे आणि असे हेड वारंवार माझ्याकडे आलेले आहेत. आपल्या वर्णनातला ‘तेच प्लग पुन्हा बसवले’ हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

नव्या प्लगचा वॉशर पोकळ असतो. प्लग बोटांनी टेकेपर्यंत फिरवल्यावर पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा द्यावा, असे १४ मिलिमीटरच्या प्लगबाबत सांगितले जाते; त्या फेऱ्यातला मोठा भाग वॉशर चेपण्यातच जातो. वापरलेल्या प्लगचा वॉशर आधीच चेपलेला असतो, त्यामुळे त्याला साधारण तीस अंश, म्हणजे घड्याळाचा मिनिटकाटा पाच मिनिटांत जेवढा सरकतो तेवढेच फिरवणे पुरेसे होते. जुन्या प्लगलाही नव्यासारखा अर्धा फेरा दिला, तर चेपायला वॉशरमध्ये काही उरलेलेच नसते आणि सगळा ताण थेट आट्यांवर येतो. पोलादाचे आटे तो सोसतात, अ‍ॅल्युमिनियमचे सोलून निघतात. त्यातच इंजिन गरम होते. अ‍ॅल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, शिवाय गरम असताना ते नरमही पडते, म्हणून तापलेल्या हेडमधून प्लग काढतानाच आटे ओरबाडले जाण्याचा धोका असतो. सध्याच्या दिवसांत आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असताना दुपारी उभी केलेली गाडी संध्याकाळपर्यंतही पुरती निवत नाही. प्लगचे काम पहाटेच करावे.

आकड्यांत सांगायचे तर अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये वॉशरवाल्या १४ मिलिमीटर प्लगला २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिलिमीटरला १५ ते २० आणि मोटारसायकलींत आढळणाऱ्या १० मिलिमीटरच्या प्लगला १० ते १२ न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच प्रमाण मानावा. टॉर्क पाना नसला तरी सूत तोलायचा स्प्रिंगचा काटा आपल्या गावात सहज मिळतो. पान्याच्या दांड्यावर, प्लगच्या मध्यापासून बरोबर २५ सेंटिमीटरवर खूण करावी, तिथे काट्याचा हूक अडकवावा आणि दांड्याशी काटकोन राखून सावकाश ओढावे. काटा १० किलो दाखवू लागला की २.५ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे सुमारे २५ न्यूटन-मीटर झाले, तिथेच थांबावे. तेवढ्याच जोराने अर्धा मीटरचा दांडा ओढला तर टॉर्क दुप्पट होतो. लांब दांड्याने घात होतो तो असा.

प्लग फार सैल ठेवणेही चालणार नाही, कारण प्लगची बरीचशी उष्णता वॉशर आणि आटे यांतूनच हेडमध्ये जाते. बैठक नीट झाली नाही तर टोक तापत राहते, ठिणगीच्या आधीच मिश्रण पेट घेऊ लागते आणि पिस्टनला इजा होते.

ग्रीसचा आग्रह मी तरी धरणार नाही. आजच्या बहुतेक प्लगच्या आट्यांवर धातूचा मुलामा असतो आणि ते कोरडेच बसवायचे असतात. वंगण लावले की घर्षण घटते आणि हाताला तेवढाच जोर वाटत असताना आट्यांवर प्रत्यक्ष ताण बराच जास्त पडतो. ज्यांना लावायचेच असेल त्यांनी टॉर्क साधारण तीस टक्क्यांनी कमी करावा.

आता दुरुस्तीविषयी. प्लग पुन्हा पुन्हा काढावा लागतो आणि हेलिकॉइलची तार कधीकधी प्लगबरोबरच बाहेर येते, म्हणून प्लगच्या जागी मी भरीव बुशच पसंत करतो. टॅपला (आटे पाडण्याच्या हत्याराला) किस चिकटून राहावा म्हणून भरपूर ग्रीस थापून गाडीवर काम करणारे कुशल कारागीर आहेत, तरीही आपल्या गाडीत सीटखालच्या अडचणीच्या जागेत भोक सरळ धरणे कठीण आहे आणि किसाचा एखादा कण सिलिंडरमध्ये पडला तर भिंतीवर ओरखडे उठतात. माझे मत हेड उतरवण्याच्या बाजूने आहे. खर्च वाढेल, नवे हेड गॅस्केट लागेल, पण त्याच वेळी उरलेल्या दोन प्लगचे आटे आणि हेडचा सपाटपणाही तपासून होईल.

मूळ प्रश्नकर्ता:

काका, मनापासून आभार. काटा आमच्या गोदामातच आहे. २५ सेंटिमीटरचे गणित घरातील सर्वांना समजावून सांगितले. हेड उतरवण्याचे आम्ही ठरवले आहे. नवा प्लग बसवताना तो तिरका धरला जाऊ नये यासाठी, आणि लेथवाल्याचे काम नीट झाले की नाही हे आमच्यासारख्यांना ओळखता यावे यासाठी, काय करावे?

प्रतिसाद:

प्लग काढण्यापूर्वी त्याच्या खळग्यातली धूळ हवेने उडवून घ्यावी. बसवताना पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या वरच्या टोकावर घालून त्यानेच प्लग फिरवावा. आटे तिरके धरले तर नळी टोकावर घसरते आणि नुकसान होण्याआधी लक्षात येते. सुरुवातीला प्लग हळूच उलटा फिरवावा, आटा आट्यात उतरल्याची बारीक टक् बोटांना जाणवली की मग सुलटा फिरवावा. तो शेवटपर्यंत नळीनेच गेला पाहिजे, पाना फक्त शेवटच्या आवळण्यासाठी.

बुशची परीक्षा हेड गाडीवर चढवण्याआधीच घ्यावी. नवा प्लग ठरलेल्या टॉर्कने बसवून पुन्हा काढावा आणि वॉशरचा खालचा चेहरा उजेडात पाहावा. त्यावर बैठकीची खूण सलग, पूर्ण गोल उमटली असेल तर बुश सरळ आहे. खूण एकाच बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला पुसट असेल, तर हेड त्याच दिवशी लेथवाल्याकडे परत न्यावे आणि बैठक सरळ करून घेतल्याशिवाय घेऊ नये.