मदत हवी आहे: हाडांसाठी वर्षाचं सलाईन, किडनी काठावर

आई, वय 76, कोथरूड. डेक्सात (हाडांच्या घनतेची तपासणी) खुब्याचा टी-स्कोर उणे 3.1, म्हणजे हाडं ठिसूळ. त्यासाठी अलेंड्रोनेट 70 मिलिग्रॅमची गोळी, आठवड्याला एक. उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, अर्धा तास आडवं न होता घेऊनही जळजळ थांबेना, म्हणून डॉक्टरांनी बंद केली. आता वर्षातून एकदा सलाईनमधून द्यायचं झोलेड्रॉनिक ॲसिड 5 मिलिग्रॅम सुचवलंय. क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी किती काम करते त्याचं माप) 41, म्हणजे या औषधासाठीच्या 35 च्या मर्यादेच्या जेमतेम वर. दुसरा पर्याय, डेनोसुमॅबचं इंजेक्शन, किडनीला चालतं, पण सहामाही डोस लांबला तर मणके मोडायची भीती, आणि आई बराच काळ गावी असते. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व ठीक. एक दाढ काढायचीय, या औषधावर जबड्याच्या हाडाला त्रास नको म्हणून ती आधी उरकू. किडनीवर ताण देणाऱ्या पेनकिलर चालू नाहीत. एवढ्या क्लिअरन्सवर सलाईन 15 मिनिटांऐवजी किती सावकाश चढवतात, आणि क्रिएटिनिन नंतर कितव्या दिवशी तपासायचं?