उच्च गणितासाठी विद्यापीठ हवे की स्वाध्याय पुरे?

मूळ मत (चाळीसगाव) :
जळगावच्या विद्यापीठातून गणितात एम.एस्सी. करावे असा सल्ला मला घरातून सतत मिळतो. परंतु बँकेतील नोकरी सांभाळून गेली तीन वर्षे पहाटे उठून रिअल ॲनालिसिस (सीमा, सांतत्य यांचा काटेकोर अभ्यास) शिकताना माझे मत नेमके उलट बनत गेले आहे. पदवीच्या वर्गात सिद्धता पाठ करून मी गुण मिळवले, मात्र सीमेची एप्सिलॉन-डेल्टा ही काटेकोर व्याख्या कशासाठी आहे हे मला एकाच पानावर दोन आठवडे थांबता आले तेव्हा कळले, आणि इतके थांबण्याची मुभा सत्र परीक्षा देत नाही. एनपीटीईएल या ऑनलाइन मंचावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने विनामूल्य ऐकता येतात. मग पदवीच्या कागदाखेरीज विद्यापीठाकडून मला काय मिळणार?

प्रतिसाद (अमळनेर) :
मी महाविद्यालयात गणित शिकवते. आपली तळमळ खरी आहे, म्हणूनच स्पष्ट लिहिते : स्वतःच्या सिद्धतेतील चूक स्वतःला दिसत नाही. संतत (ज्यांचा आलेख कोठेही तुटत नाही अशा) फलनांच्या क्रमिकेची प्रत्येक बिंदूपाशी मिळणारी सीमा संततच असणार, असे बहुतेकांना वाटते. ० ते १ या अंतरालात क्ष चा न वा घात घ्या. न वाढत गेला की १ च्या अलीकडे सर्वत्र सीमा ० येते आणि १ पाशी मात्र १ च राहते, म्हणजे सांतत्य तुटते. फळ्यापाशी हे एका प्रश्नात उघड होते, एकट्याने वाचणारा तीच समजूत वर्षभर बाळगू शकतो. रामानुजन यांनी १९१३ साली केंब्रिजचे गणिती हार्डी यांना लिहिलेल्या पत्रातही मूळ संख्यांविषयीचे काही दावे चुकीचे होते, कारण मूळ संख्यांशी निगडित झीटा फलन ज्या संमिश्र संख्यांपाशी शून्य होते त्यांचा विचार त्यांत नव्हता. शिवाय आपल्या चाळीसगाव तालुक्यातील पाटणचा शिलालेख आठवावा : भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ स्थापला होता.

प्रतिसाद (शहादा) :
मठात शिकवणारे तरी होते. मी जेथे एम.एस्सी. केली तेथे तासिका तत्त्वावरील शिक्षक मध्येच सोडून गेले आणि टोपोलॉजीचा अर्धा भाग न शिकवताच सत्र संपले. तो मी मैत्रिणीसोबत वाचून काढला. तरीही मी विद्यापीठाच्याच बाजूने आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या घरी मुलीने पुस्तक घेऊन बसणे शक्य नव्हते. वसतिगृहाची खोली आणि ती मैत्रीण मला प्रवेशामुळेच मिळाली. पहाटेचे दोन तास स्वतःचे असणे ही प्रत्येकाच्या वाट्याला येणारी गोष्ट नाही.

मूळ लेखक :
हे मी विचारात घेतले नव्हते. अमळनेरच्या मॅडमनी दिलेले उदाहरण वाचून जुनी वही उघडली, तर एका सिद्धतेत मी तीच चूक केलेली आढळली, आणि पुढची दोन प्रमेये तिच्यावरच उभी होती. प्रवेश घेण्याचा विचार अजूनही नाही, परंतु वही तपासणारे कोणी हवे हे मान्य करतो. मॅडम, रविवारी ती घेऊन अमळनेरला आलो तर चालेल का?