'प्रक्षुब्ध' म्हणजे नेमकं काय? (ले-आऊटचा, म्हणजे वसाहतीचा ग्रुप)

सचिव: डीपीच्या (विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या) निवेदनाचा मसुदा. पहिली ओळ – "डीपी वारंवार जळत असल्याने रहिवासी प्रक्षूब्द झाले आहेत." काही बदल असन तर सांगा, उद्या सह्या घ्याच्या आहेत.

गुरुजी, प्लॉट ४: एका शब्दात दोन चुका. 'क्षु' ऱ्हस्व आणि शेवटी 'ब्ध'. 'शब्द' लिहायच्या सवयीनं हात 'ब्द'कडे जातो. मूळ धातू क्षुभ्. त्याला 'त' लागला की भचा ब अन् तचा ध होतो. लभ्-चं लब्ध, लुभ्-चं लुब्ध, तसंच क्षुब्ध. 'प्र'नं जोर वाढतो. (स्तब्धही असंच बनलं, अर्थ मात्र उलटा!)

ताई, प्लॉट ११: म्हंजे लय रागावलेले, एवढंच नं?

गुरुजी: तेवढंच नाही. क्षुभ् म्हणजे ढवळून निघणं. ताकात रवी फिरली की तळचं वर येते, तसं. पाणिनीच्या सूत्रात 'क्षुब्ध' मंथ याच अर्थी आला आहे. म्हणून मन क्षुब्ध, समुद्र क्षुब्ध. हिंदी बातम्यांत पावसाआधी 'पश्चिमी विक्षोभ' ऐकता नं? धातू तोच. तिथं राग कुठं आहे?

भाऊ, प्लॉट ७: आपल्याकडं सरळ 'खवयले' म्हणते बाप्पा

गुरुजी: सगळ्यात जवळचा शब्द तोच. समुद्र खवळतो, पित्त खवळते, माणूसही. 'संतप्त' म्हणजे तापलेला, त्यात ढवळणं नाही. 'चवताळणे' तर डिवचलेल्या जनावराकडे झुकते, ते माणसांच्या अर्जात नको.

ताई: "मी साहेबांवर प्रक्षुब्ध झालो" चालते का?

गुरुजी: कानाला खटकते. कोणावर तरी माणूस चिडतो, भडकतो. प्रक्षुब्ध 'कशामुळे तरी' होतात, अन् बहुतेक जमाव होतो. शब्द लिंग-वचनानं बदलत नाही – प्रक्षुब्ध जमाव, प्रक्षुब्ध महिला.

काकाजी, प्लॉट २: शुद्ध केला तरी निवेदनात ठेवू नका. 'प्रक्षुब्ध' वाचलं की कार्यालयात मोर्चा अन् बंदोबस्तच आठवते, डीपी बाजूला राहते. बातमीत शोभते तो शब्द. "तीव्र नाराजी आहे" लिहा. खाली डीपी कोणत्या तारखांना जळाली अन् किती घरं अंधारात होती, ते टाका.

सचिव: मंग "रहिवाश्यांमध्ये तीव्र नाराजी आहे" करतो.

गुरुजी: रहिवाशांमध्ये. 'श्यां' नाही.

सचिव: 🙏 केलं. सह्या सकायी ७ वाजता, मंदिराजवय. तारखा कोणाजवय लिहून आहेत?