मदत हवी आहे: नवा प्रोसेसर ८०० मेगाहर्ट्झवर घसरतोय

घाटावरचा: नवा पीसी जोडून घेतला. २.९ गिगाहर्ट्झचे पैसे मोजले आणि सीपीयू-झेड (प्रोसेसरची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) दाखवतंय ७९८ मेगाहर्ट्झ! मधेच चार हजाराच्या वर उडी मारतो, लगेच खाली. दुकानदार म्हणतो, 'नॉर्मल आहे साहेब.' गंडवलंय का मला? लवकर सांगा, बदलून घ्यायची मुदत उद्या संपतेय.

चहाबाज: प्रोसेसर कुठला? विंडोज की लिनक्स? आकडा बघताना काय चालू होतं?

सडाफटिंग: थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) सुकली. माझ्या लॅपटॉपचं हेच झालेलं. पेस्ट बदला, धूळ काढा, सुतासारखा सरळ येईल.

चहाबाज: @सडाफटिंग, नवं मशीन आहे हो! आणि तापून वेग पडतो तो काम चालू असताना, रिकामा बसल्यावर नाही.

घाटावरचा: आय५ १०४००, विंडोज १०. काहीच चालू नव्हतं. काही चालू नसताना ही गत, तर गेम लावल्यावर काय?

खटपट्या: उलटं आहे. काही चालू नाही म्हणूनच ८००. बेस क्लॉक, म्हणजे मदरबोर्डचा मूळ ठोका, १०० मेगाहर्ट्झ, त्याला गुणक ८, झाले ८००. बेस क्लॉक किंचित कमी भरतो म्हणून ७९८. काम नसताना वेग उतरवायचं हे तंत्र, स्पीडस्टेप, इंटेलने २००० साली लॅपटॉपच्या पेंटियम थ्रीमध्ये आणलं, एएमडीचं तसंच कूल अँड क्वाएट त्यानंतरचं. वीज वेगाच्या प्रमाणात लागते, पण व्होल्टेजच्या बाबतीत त्याच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात. वेग उतरवला की व्होल्टेजही उतरवता येतं, खरी बचत तिथे. काम आलं की काही मिलिसेकंदांत परत वर.

जुना खेळाडू: एवढं पुराण कशाला? बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) स्पीडस्टेप आणि सी-स्टेट (रिकाम्या कोअरला झोपवणाऱ्या अवस्था) बंद करा. विषय संपला.

खटपट्या: आणि मिळवायचं काय? रिकाम्या खोलीत पंखा फुल्ल?

जुना खेळाडू: मी घरी गाणी रेकॉर्ड करतो. सी-स्टेट चालू ठेवल्या की आवाजात टकटक येते, बंद केल्यावर गेली. अनुभव आहे, पुस्तकी नाही.

खटपट्या: रेकॉर्डिंगवाल्यांना ते लागू, मान्य. धागाकर्त्याला फसवणूक झाली का एवढंच विचारायचंय.

सोलापुरी चादर: अवांतर: यूपीएस किती व्हीएचा घ्यावा? आमच्याकडे लाईट फार जाते.

चहाबाज: घाटावरचे, सेव्हन-झिपमध्ये टूल्समधलं बेंचमार्क लावा आणि टास्क मॅनेजरमध्ये वेग बघा. सहाही कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्र काम करणारे भाग) राबताना ४ गिगाहर्ट्झच्या आसपास हवा. लोडवरही ८०० ला चिकटून राहिला तरच दुकान गाठा. त्याआधी पॉवर प्लॅनमध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० टक्के आहे ना बघा, ९९ केलं तरी टर्बो (गरजेला मूळ वेगाच्या वर जाणं) बंद पडतो.

घाटावरचा: लावलं. ३.९८ वर ठाम. मग खोक्यावर २.९ का छापतात? ना ८००, ना ४.

खटपट्या: ६५ वॅटमध्ये सतत द्यायची हमी असलेला वेग तो. टर्बो ४.३ पर्यंत, पण तो एकदोन कोअरवर काम असताना.

सडाफटिंग: तापमान किती आलं ते सांगितलंच नाही यांनी.

घाटावरचा: ६४. बरं, रॅम ८ जीबीची एकच स्टिक दिलीय. चालतं का?

चहाबाज: चालतं, पण ४-४ च्या दोन घ्यायला हव्या होत्या, ड्युअल चॅनेल (दोन्ही स्टिकमधून एकाच वेळी डेटा) मिळालं असतं. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे यूपीएसवालेही रांगेत आहेत.