वेस्टर्नला बँड ठळक, फ्लोला काहीच नाही: ट्रान्सफेरिन रिसेप्टरची अँटिबॉडी

पेशीवेडी_नेरूळ

नमस्कार. मी नवी मुंबईतल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये पीएचडी करते. विषय लोह आणि पेशींची वाढ, त्यामुळे ट्रान्सफेरिन रिसेप्टर (लोह वाहणाऱ्या ट्रान्सफेरिनला धरून पेशीत घेणारं प्रथिन), म्हणजे सीडी७१, पेशीच्या पृष्ठभागावर किती आहे ते मला मोजायचं आहे. पेशी हेला, म्हणजे फ्लास्कला चिकटून वाढणाऱ्या माणसाच्या कर्करोगाच्या पेशी. आमच्या फ्रीजमध्ये आधीच्या विद्यार्थिनीने मागवलेली उंदराची मोनोक्लोनल अँटिबॉडी आहे, म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून (क्लोनमधून) आलेली. क्लोन एच६८.४. वेस्टर्नला, म्हणजे पेशी फोडून प्रथिनं आकारानुसार वेगळी करून बघायच्या पद्धतीला, ती फार सुंदर चालते. ९५ किलोडाल्टनच्या आसपास एकच बँड, आजूबाजूला काही नाही. पण तीच फ्लो सायटोमेट्रीला (एकेका पेशीवरची चमक मोजायची पद्धत) लावली की हिचा पीक आणि नुसती सेकंडरी (पहिल्या, म्हणजे प्रायमरी अँटिबॉडीला धरणारी रंगीत अँटिबॉडी) घातलेल्या ट्यूबचा पीक अगदी एकावर एक बसतात.

करते ते असं: फ्लास्कमधल्या पेशी प्रथिनं कापणाऱ्या ट्रिप्सिनने सोडवायच्या, मीडियम घालून ट्रिप्सिन थांबवायचं, थंड पीबीएसने (मिठाच्या बफरने) धुवायचं, बर्फावर अर्धा तास प्रायमरी, पुन्हा धुऊन ४८८ रंगाची अँटी-माउस सेकंडरी. पेशी जिवंतच, फिक्स केलेल्या नाहीत. प्रायमरी वाढवून पाहिली, वेळही वाढवला. पीक जागचा हलत नाही.

सर म्हणतात अँटिबॉडी जुनी झाली, नवीन मागवू. पण जुनी झाली असेल तर वेस्टर्नला कशी चालते? शिवाय नवीन बाटली म्हणजे तीन कोटेशनं, अकाउंट्सची सही, मग भर पावसात येणारं पार्सल. त्याआधी माझ्या हातात तपासण्यासारखं काही आहे का?

नौपाडा_हायब्रिडोमा

बाटली टाकू नकोस आणि कुणाला टाकू देऊ नकोस. अँटिबॉडी ठणठणीत आहे. तू तिला जिथे शोधायला सांगते आहेस तिथे तिचं ठिकाणच नाही.

एच६८.४ ही रिसेप्टरच्या पेशीआतल्या शेपटीला धरते. ट्रान्सफेरिन रिसेप्टर पटलात उलटा बसलेला असतो. त्याचं एन-टोक आत आणि सी-टोक बाहेर. एकूण ७६० अमिनो आम्लांची साखळी, त्यातली सुरुवातीची साठ-सत्तर पेशीच्या आत. तुझी अँटिबॉडी नेमकी त्या सुरुवातीच्या भागाविरुद्ध बनवलेली आहे. जिवंत पेशीचं पटल अखंड असतं, त्यातून एवढा मोठा रेणू आत जात नाही. दाराबाहेर उभं राहून आतली कडी चाचपण्यासारखं आहे ते. वेस्टर्नला तू पेशी फोडून, एसडीएसमध्ये उकळून घेतेस, तिथे आत-बाहेर उरतच नाही, म्हणून बँड येतो. डेटाशीटवर इम्युनोजेनची, म्हणजे अँटिबॉडी कशाविरुद्ध बनवली त्याची, एक ओळ असते. अँटिबॉडी कुठल्या प्रयोगाला चालते त्या यादीच्या आधी ती ओळ वाचायची सवय लाव.

आता दुसरी गोष्ट, आणि मला हीच जास्त महत्त्वाची वाटते. समज, उद्या तू बाहेरच्या भागाला धरणारी दुसरी अँटिबॉडी, ओकेटी९, आणलीस. ट्रिप्सिन असंच ठेवलंस तर तीही तुला फसवेल. या रिसेप्टरचा पटलालगतचा देठ ट्रिप्सिनला फार लवकर बळी पडतो. १२१ क्रमांकाच्या आर्जिनिननंतर काप बसतो आणि बाहेरचा साधारण ७० किलोडाल्टनचा तुकडा सुटून द्रवात जातो. पुढच्या धुण्यात तो सिंकमध्ये. पेशी गोल, चकचकीत, मेलेल्या पेशींत शिरणारा ट्रायपॅन ब्लू आत न घेणाऱ्या, सगळं छान दिसतं, फक्त मोजायची वस्तू पेशीवर राहिलेली नसते. फ्लास्क हालवत 'सुटल्या का, सुटल्या का' बघत आपण ट्रिप्सिन दोन मिनिटं जास्त ठेवतो, त्या दोन मिनिटांत हे होतं. चिकटून वाढणाऱ्या पेशींवर कुठलाही रिसेप्टर मोजायचा असेल तर पेशी कशाने सोडवल्या हे मी सगळ्यात आधी विचारते.

म्हणून हेला पीबीएसमधल्या ईडीटीएने सोडव, ते प्रथिनं कापत नाही. वेळ लागेल, थोड्या गुठळ्या होतील, ४० मायक्रॉनच्या गाळणीतून काढ. त्याहून चांगलं म्हणजे आधी के५६२ या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींवर बघ. त्या तरंगत वाढतात, सोडवायचा प्रश्नच नाही, आणि त्यांच्यावर हा रिसेप्टर भरपूर असतो. निगेटिव्हसाठी रक्तातले शांत लिम्फोसाइट घे, त्यांच्यावर तो जवळजवळ नसतो. त्याच लिम्फोसाइटना पीएचए (त्यांना वाढायला लावणारं द्रव्य) देऊन दोन-तीन दिवस वाढवलंस तर तो वर येतो. अशी जोडी शेजारी ठेवल्याशिवाय कुठल्याही पीकवर विश्वास ठेवू नये असं माझं ठाम मत आहे.

ओकेटी९बद्दल थोडं सांगते, कारण ही गोष्ट मला फार आवडते. कोहलर आणि मिलस्टीन यांनी १९७५ मध्ये हायब्रिडोमाचं तंत्र (अँटिबॉडी बनवणारी पेशी कर्करोगाच्या पेशीशी जोडायची) दिलं आणि पुढच्या काही वर्षांत प्रयोगशाळांमधून पेशींविरुद्धच्या अँटिबॉडींचा पूर आला. त्यातल्या कित्येकींचं आधी फक्त वागणं कळलं होतं. ओकेटी९ वाढणाऱ्या पेशींना धरते, शांत पेशींना नाही, एवढंच ठाऊक होतं. ती ज्याला धरते तो ट्रान्सफेरिनचा रिसेप्टर आहे हे १९८१ मध्ये उलगडलं. त्याच वर्षी ट्रोब्रिज आणि ओमारी यांनी स्वतःच्या वेगळ्या अँटिबॉडीने तेच दाखवलं. आधी अँटिबॉडी, मग रिसेप्टरची ओळख. मी एचएटी मीडियमच्या (अशा जोडलेल्या पेशीच वाढू देणाऱ्या) प्लेट घेऊन बसायचे त्या काळात क्लोनचं नाव म्हणजे त्या पेशींची वंशावळ असायची. आता बाटलीवर 'अँटी-सीडी७१' एवढंच वाचून लोक मागवतात, तेव्हा जीव तुटतो. सीडी७१ ला धरणाऱ्या अनेक आहेत. ओकेटी९ बाहेर बसते पण ट्रान्सफेरिनला अडवत नाही. ४२/६ नावाचा क्लोन अडवतो. तुझा आतच बसतो. तिघींची कामं वेगळी.

सिग्नल खरा आहे का याची आणखी एक परीक्षा तुझ्याच विषयातली आहे. पेशींना रात्रभर लोह बांधून ठेवणारं डेसफेरिऑक्सामीन दे. लोह कमी पडलं की या रिसेप्टरचा एमआरएनए जास्त टिकतो आणि रिसेप्टर वाढतो. फेरिक अमोनियम सायट्रेट, म्हणजे जास्तीचं लोह, दिलंस तर उलट. तुझा पीक दोन्ही दिशांना सरकला तर अँटिबॉडी खरं बोलते आहे. (डेसफेरिऑक्सामीन हे औषध आपल्याकडे अनेक घरांत परिचयाचं आहे. उल्हासनगरला थॅलेसेमियाची मुलं असलेल्या घरांत रात्रभर त्वचेखाली पंप लावून तेच दिलं जायचं, काही ठिकाणी अजूनही देतात.)

महापे_फ्लोवाला

ताईंनी मुख्य ते सांगितलंच. मशीनवर रोज बसणारा म्हणून थोडी भर घालतो.

के५६२ वर सीडी३२ असतं, म्हणजे अँटिबॉडीची शेपटी धरणारा एफसी रिसेप्टर. उंदराची कुठलीही आयजीजी तिथे शेपटीने चिकटू शकते. त्यामुळे आधी माणसाच्या आयजीजीने ब्लॉक करा. आयसोटाइप कंट्रोल (तशीच, पण या रिसेप्टरला न धरणारी अँटिबॉडी) त्याच उपवर्गाचा हवा. ओकेटी९ आयजीजी१ आहे, तर कंट्रोलही आयजीजी१, आणि प्रमाण तेवढंच. नुसती सेकंडरी घातलेली ट्यूब इथे पुरणार नाही. मेलेल्या पेशी काहीही धरतात, म्हणून ७-एएडी (मेलेल्या पेशींत शिरणारा रंग) घालून त्या वगळा.

रंग लावलेली ओकेटी९ घेत असाल आणि रंग पीई असेल तर ती कधीही गोठवू नका. पीई हे प्रथिन आहे, गोठलं की गेलं. आमच्याकडे एका पुरवठादाराने ती ड्राय आइसमध्ये पाठवली होती, पार्सल शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकूनही आत सगळं दगडासारखं घट्ट! आम्ही तिथल्या तिथे परत केली. २ ते ८ अंशांत, आइस पॅकवर, हे ऑर्डरमध्येच लिहून द्या. लॅबच्या फ्रीजमध्येही मागच्या भिंतीला टेकवून ठेवू नका.

पेशी सोडवायला अ‍ॅक्युटेज कुणी सुचवेल. मी वापरतो, पण तेही एन्झाइमच आहे, आधी ईडीटीएशी ताडून बघा.

पेशीवेडी_नेरूळ

मनापासून आभार. खारघरच्या मैत्रिणीकडून के५६२ आणि थोडी ओकेटी९ मिळाली. आयसोटाइपच्या पुढे पीक इतका स्पष्ट सरकला की सरांना मशीनपाशी बोलावून दाखवलं. मग हेला दोन भागांत केल्या, एक ट्रिप्सिनने, एक ईडीटीएने. ईडीटीएवाल्यांचा पीक दूर उजवीकडे, ट्रिप्सिनवाल्यांचा जवळपास आयसोटाइपवर. एच६८.४ पण पॅराफॉर्माल्डिहाइडने फिक्स करून, पटलाला भोकं पाडणाऱ्या सॅपोनिनमध्ये लावून बघितली, आता तीही दिसते.

ताई, आता एक प्रश्न. एकूण रिसेप्टरपैकी पृष्ठभागावर किती आणि आत किती, हे ओकेटी९ आणि एच६८.४ यांच्या आकड्यांचा भागाकार करून काढता येईल का?

नौपाडा_हायब्रिडोमा

नाही. दोन क्लोनची पकड वेगळी, रंग वेगळा, त्या भागाकाराला अर्थ राहत नाही. पण प्रश्न अगदी योग्य आहे, कारण हा रिसेप्टर सतत आत-बाहेर फिरत असतो आणि कुठल्याही क्षणी त्याचा मोठा हिस्सा आत एंडोसोम नावाच्या पिशव्यांमध्येच असतो.

एक रस्ता म्हणजे दोन्ही मापं ओकेटी९नेच घे, एकदा सॅपोनिनशिवाय आणि एकदा सॅपोनिनसह. फक्त फिक्स केल्यावर तिची पकड कमी होत नाही ना, हे आधी जिवंत पेशींशी ताडून पाहा.

दुसरा रस्ता तुझ्या जुन्या बाटलीचा आहे आणि मला तो जास्त पसंत आहे. पेशी बर्फावर ठेवून थंड ट्रिप्सिन दे. थंडीत रिसेप्टरची ये-जा थांबते, त्यामुळे फक्त बाहेरचे कापले जातात, आतले सुरक्षित राहतात. मग सोयाबीनच्या ट्रिप्सिन इनहिबिटरने थांबव, पेशी फोड आणि एच६८.४ ने वेस्टर्न कर. ९५ चा जो बँड उरेल तो आतला. शेजारी ट्रिप्सिन न दिलेला नमुना चालव, तो एकूण. दोन्ही नमुने सारखे भरलेत ना (लोडिंग) ते बघायला पेशीआतलंच प्रथिन घे, अ‍ॅक्टिन चालेल. ट्रिप्सिनचं प्रमाण आणि वेळ आधी ओकेटी९च्या फ्लोवर ठरवून घे, पृष्ठभागाचा सिग्नल पूर्ण जाईपर्यंत. आणि प्रबंधात दोन्ही अँटिबॉडींचे क्लोन, लॉट क्रमांक आणि आरआरआयडी (अँटिबॉडीचा ठरलेला ओळख क्रमांक) लिही. ब्लॉट झाला की इथे टाक, बघते.