मदत हवी आहे: रत्नागिरीजवळ घरगुती पाळणाघर, काय बघू आणि कसं विचारू?

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये मला कामावर रुजू व्हायचंय. लेक सव्वा वर्षाची आहे, नुकती पळायला लागलीय. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे त्यांच्या गळ्यात तिला घालणं शक्य नाही. अंगणवाडीत तीन वर्षांनंतर बसवतात. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने ऑफिसांना पाळणाघराची सोय सक्तीची झाली, पण ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथेच. आमच्या ऑफिसात तेवढी माणसं नाहीत.

पलीकडच्या वाडीत एक काकू घरीच चार-पाच मुलं सांभाळतात. बाई मायाळू आहेत, मुलं त्यांना बिलगून असतात. मी जाऊन बघून आले. काकूंविषयी मनात शंका नाही, घोर लागलाय तो घराचा.

घर जुनं, जांभ्याचं. मागीलदारी विहीर, कठडा जेमतेम माझ्या गुडघ्याएवढा, वर जाळी नाही आणि मागच्या दाराला कडी खालच्या बाजूला. न्हाणीत बादल्या भरलेल्या, शेजारी पेटता बंब. मला विहिरीइतकीच त्या बादल्यांची भीती वाटली. एवढं मूल डोक्याकडून बादलीत गेलं तर त्याला स्वतःहून वर येता येत नाही, आणि आवाजही होत नाही. पडवीत काजूच्या बिया वाळत घातल्या होत्या. टरफलातल्या तेलाने मोठ्यांची चामडी भाजते, मग पोरांचं काय? आगराच्या गडग्याला टेकून नारळाच्या सोडणांचा ढीग होता. फुरसं (विषारी साप) आणि विंचू अशाच जागी सापडतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे आज विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध देतात, पण मूल वेळेत दवाखान्यात पोचायला हवं ना. माझा फोन त्या घरात फक्त पुढच्या खिडकीपाशी लागत होता. १०८ ला फोन करायचा तर काकू एवढी मुलं टाकून खिडकीशी जाणार का?

आता अवघड भाग. वरच्या खोलीत भाडेकरू आहेत आणि काकूंच्या मुलाचे मित्र दुपारी येत-जात असतात. कुणावर संशय नाही, पण मुलं झोपलेली असताना खोलीत कोण जातं, काकू बाजारात गेल्या तर मुलांजवळ कोण बसतं, हे मला कळायलाच हवं. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे हे माहीत आहे, पण तो फोन करायची वेळ येऊच नये म्हणून आधी विचारायचंय. वाडीत सगळे एकमेकांचे, शब्द इकडचा तिकडे झाला की संबंध बिघडतात. काकूंना वाईट वाटू न देता हे कसं काढावं?

आम्हा पालकांनी वर्गणी काढून विहिरीला जाळी आणि मागच्या दाराला वर कडी बसवून द्यावी असं मनात आहे. हे काकूंना अपमानास्पद वाटेल का? कुणी असं केलंय का?

न सांगता अधूनमधून डोकावायची मुभा पहिल्याच दिवशी मागून घ्यावी का? सुरुवातीला मी किती वेळ तिथे बसावं? आणि पावसाळ्यात, वीज गेलेली असताना, तुमच्याकडची पाळणाघरं काय करतात?

कोकणात मुलं अशा घरी ठेवलेल्यांनी जरूर लिहा. जून तोंडावर आलाय.