व्ही-६ इंजिनाचे मागचे तीन स्पार्क प्लग घरी बदलायचे आहेत

चौथा_गिअर:
पेट्रोलचं व्ही-६ इंजिन, आडवं बसवलेलं. पुढचे तीन प्लग हाताशी आहेत, मागचे तीन इनटेक मॅनिफोल्डखाली (इंजिनात हवा नेणारा भाग), फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) चिकटून. चढावर गाडी मिसिंग मारते, स्कॅनरवर पी०३०० (मिसिंगचा सर्वसाधारण कोड) येतो. मॅनिफोल्ड न काढता, मागून हात घालून प्लग निघतील का? काढावाच लागला तर आधी काय आणून ठेवू? टॉर्क रेंच (मोजून ठरावीक जोराने आवळणारा पाना) नाही, त्याशिवाय भागेल का?

गोटीपाना:
मागून हात घालायच्या नादी लागू नका. हात पोचला तरी सॉकेट प्लगवर सरळ बसत नाही आणि तिरका जोर पडला की चिनी मातीचा भाग तडकतो. ती चीर बऱ्याचदा दिसतही नाही, पण नवा प्लग पहिल्या दिवसापासून मिसिंग मारतो. वरचा मॅनिफोल्ड, म्हणजे प्लेनम, काढाच.

आधी आणा: सहा प्लग, प्लेनमचं आणि थ्रॉटल बॉडीचं नवं गॅस्केट, प्लग धरून ठेवणारा चुंबकी सॉकेट (१४ मिमी आट्यांच्या प्लगला बहुधा १६ मिमीचा, १२ मिमी आट्यांच्या काही प्लगना १४ मिमीचा), लांब-आखूड दोन एक्स्टेंशन आणि लवचिक सांधा.

इंजिन पूर्ण गार हवं. हेड ॲल्युमिनियमचं असेल तर गरम असताना प्लग काढताना आटे सोलून निघू शकतात. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, नळ्यांना चिकटपट्टीने नंबर द्या, फोटो काढा. थ्रॉटल बॉडीतून कूलंटच्या नळ्या जात असतील तर त्यांची तोंडं वर बांधा. कनेक्टरची प्लास्टिकची कुलपं उष्णतेने ठिसूळ झालेली असतात. कुलूप दाबून आधी किंचित आत ढकला, मग ओढा.

प्लेनमचे बोल्ट कमी-जास्त लांबीचे असू शकतात. पुठ्ठ्यावर प्लेनमची आकृती काढून जागच्या जागी टोचून ठेवा. प्लेनम उचलल्याबरोबर खालच्या तोंडांत धागे न सुटणारी फडकी कोंबा आणि ती मोजा. तिथे वॉशर पडला तर तो व्हॉल्व्हवाटे सरळ पिस्टनवर जातो, मग हेड उतरवण्याची वेळ येऊ शकते.

कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) काढल्यावर प्लगच्या विहिरीत हवा मारा. प्लग पाव फेरा ढिला करून पुन्हा मारा, कारण आट्यांभोवतीची वाळू तेव्हाच सुटते.

आटे_सांभाळा:
बसवण्याबद्दल. प्लगच्या टोकावर रबरी नळी चढवून पहिले आटे तिनेच लावा. प्लग वाकडा लागत असेल तर नळी घसरते, रॅचेट मात्र आटे कापत पुढे जातो.

वॉशरवाला १४ मिमी प्लग ॲल्युमिनियम हेडात साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमीचा १५ ते २०. टॉर्क रेंच नसेल तर नवा प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवून वर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. निमुळत्या बैठकीचा, बिनवॉशरचा प्लग असेल तर टेकल्यावर फक्त एक सोळांश फेरा. इथेच बहुतेक आटे जातात, म्हणून प्लग कोणत्या जातीचा ते आधी बघा.

आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचं ग्रीस) लावायचा सल्ला बरेच जण देतात, मला तो पटत नाही. प्लगवर मुलामा असतोच. ग्रीसने घर्षण कमी होतं आणि तेवढ्याच टॉर्कला प्लग जास्त ताणला जातो. इरिडियम प्लगची गॅप (टोकांमधली फट) पाचर घालून वाढवू नका, बारीक टोक मोडतं.

प्लेनम बसवताना आधी फडकी मोजून बाहेर काढा. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन फेऱ्यांत आवळा. ६ मिमीच्या बोल्टला १० न्यूटन-मीटरच्या आसपास लागतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. या कामासाठी तरी टॉर्क रेंच मागून आणा. गॅस्केट नीट बसलं नाही तर आयडलिंग वर-खाली होतं आणि पी०१७१, पी०१७४ (मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त) हे कोड येतात.

गोटीपाना:
जुने प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडा. आट्यांच्या वर, चिनी मातीवर तेल असेल तर व्हॉल्व्ह कव्हरमधलं विहिरीचं सील गेलंय. प्लेनम उघडा असतानाच मागचं कव्हर उरका.

चौथा_गिअर:
समजलं. कॉइलही सोबत बदलू का?

आटे_सांभाळा:
सहाही बदलायची गरज नाही. आधी पुढच्या आणि मागच्या कॉइलचा पार्ट नंबर एकच आहे का बघा. असेल तर तीन नव्या घ्या, त्या मागे लावा आणि जुन्यांपैकी तीन पुढे. पी०३०० कुठला सिलिंडर ते सांगत नाही, पण पुढे त्यातली एखादी गेली तर त्या सिलिंडरचा कोड येईल आणि प्लेनमला हात न लावता ती बदलता येईल.